रेतीवरची चौदा घरटी

१९९६ सालच्या माघात श्रीनिवास पळसुले यांचा आवाज बसला. सुंठ झाली, ज्येष्ठमध झालं, मीठपाण्याच्या गुळण्या झाल्या, पण घोगरेपणा जाईना. ते छप्पन्न वर्षांचे होते आणि गंगेकाठी रामघाटावरच्या वेदपाठशाळेत एकतीस वर्षं संथा देत होते. संथा म्हणजे गुरूने एकदा म्हणायचं आणि विद्यार्थ्याने ऐकून दोनदा म्हणायचं. त्यात पोथीचं काम नसतं. सगळं काम घशाचं आणि कानाचं.

विद्यापीठाच्या बाजूला बसणाऱ्या एका डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि स्वरतंतूंवर दोन्हीकडे गाठी आहेत असं सांगितलं. दोन महिने एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, त्याने घशाला उलट जास्त ताण पडतो. गाठी जिरल्या तर ठीक, नाहीतर कापाव्या लागतील. कापल्यावर आवाज कसा राहील हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि श्रीनिवासांनी विचारलं नाही, कारण विचारायचं तर बोलावं लागलं असतं. घरी येऊन त्यांनी पंचांग उघडलं. दोन महिने चैत्री पौर्णिमेला संपत होते.

पंचांग बघायला आणखी एक कारण होतं. अक्षय्य तृतीयेपासून पाच दिवस गंगेपलीकडच्या रेतीवर मोठा याग व्हायचा होता. दुर्गाघाटाजवळच्या एका साड्यांच्या व्यापाऱ्याने, शेठजींनी, तो योजला होता आणि प्रधान आचार्य म्हणून श्रीनिवासांचं नाव दिवाळीतच ठरलं होतं. पौर्णिमेपासून तृतीयेपर्यंत पंधरा-सोळा दिवस मिळत होते. तेवढ्यात गळा तयार होईल असा त्यांनी अंदाज बांधला.

पाठशाळेत ते दोन दिवस नुसते बसले. पण विद्यार्थ्याचा स्वर चुकला की त्यांचा घसा आपोआप हलायचा. डॉक्टरांनी तेही नको म्हटलं. संथेचं काम त्यांचाच जुना विद्यार्थी विष्णु बघू लागला आणि श्रीनिवास घरी राहिले. घरी त्यांच्या हातात पाटी आली. लोक त्यांच्याशी मोठ्याने बोलू लागले, जसं काही त्यांना ऐकू येत नव्हतं. पाणी हवं असलं की ते टाळी वाजवत. आठवड्याभरात त्यांच्या पत्नी, प्रमोदिनीबाई, त्या टाळीला विटल्या.

“वन्सं,” त्या एकदा नणंदेला म्हणाल्या, “सकाळी तुम्ही हिंडायला जाता तेव्हा ह्यांनाही घेऊन जा. दोन तास तरी घरात शांतता राहील.”

श्रीनिवासांनी पाटीवर काहीतरी लिहायला घेतलं, पण दोघींपैकी कुणी वाचायला थांबलं नाही.

नणंद म्हणजे इंदू. श्रीनिवासांची धाकटी बहीण, वय बावन्न. मुलींच्या एका इंटर कॉलेजात ती जीवशास्त्र शिकवत होती. लग्न केलं नव्हतं. घराच्या वरच्या मजल्यावर एका खोलीत राहायची. गेली अठरा वर्षं ती रोज पहाटे घाटावर जाऊन पक्षी आणि पतंग मोजून यायची आणि मग अंघोळ करून कॉलेजात जायची. ती काय करते हे श्रीनिवासांना ठाऊक होतं, म्हणजे ती काहीतरी करते एवढं ठाऊक होतं. एकाच घरात राहून त्यांनी तिच्या वह्या कधी उघडल्या नव्हत्या.

तिचा फेरा ठरलेला होता. घाटामागे पाणी चढवणाऱ्या पंपाची एक खोली होती. तिच्या चुना लावलेल्या भिंतीसमोर खांबावर मोठा दिवा होता. रात्रभर त्या दिव्याशी जमलेले पतंग उजाडताना भिंतीवर टेकलेले असायचे. दिवा विझल्यापासून पक्षी येईपर्यंत जेमतेम पंधरा-वीस मिनिटं मिळायची. दयाळ आधी यायचा, मागून साळुंक्या, आणि मग भिंतीवर नुसते पंख उरायचे. इंदू भिंतीच्या डाव्या टोकापासून सुरुवात करून उजवीकडे जायची. पक्ष्यांचं एक जाड इंग्रजी पुस्तक तिच्याकडे होतं, पतंगांचं नव्हतं. म्हणून पतंगांना तिने स्वतःच नावं दिली होती. राखेच्या रंगाची ती राखुंडी, सुकल्या पानासारखा तो पाचोळा, पांढऱ्यावर लाल-काळे ठिपके असलेली ती कुंकूठिपकी. प्रत्येकाचं पेन्सिलीने काढलेलं चित्र आणि पुढे आकडे.

पहिल्या दिवशी श्रीनिवासांनी तिच्यासमोर पाटी धरली. ‘हे कशासाठी?’

“कशासाठी म्हणजे काय दादा? किती आहेत ते कळावं म्हणून,” ती म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

माघात भिंतीवर सात-आठच पतंग असत. फाल्गुनात ऊन तापायला लागलं तसे ते तीस-चाळीस झाले. श्रीनिवासांना पहिले चार दिवस ते सगळे सारखेच दिसले. पाचव्या दिवशी त्यांनी पाचोळा ओळखला, आणि तो बरोबर निघाला तेव्हा त्यांना झालेला आनंद त्यांनाच थोडा चमत्कारिक वाटला. होळीच्या आसपास एका सकाळी भिंतीवर तळहाताएवढा, जाड पतंग बसला होता. त्याच्या पाठीवर पिवळट कवटीसारखी खूण होती. इंदूने पेन्सिलीच्या टोकाने त्याला हलकेच स्पर्श केला तर तो चिरकला. अगदी उंदरासारखा, पण स्पष्ट.

श्रीनिवास एक पाऊल मागे सरले. मग त्यांनी बोटाने खूण केली, पुन्हा एकदा.

“एकदा पुरे. त्याला त्रास कशाला,” इंदू म्हणाली.

त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘याला घसा आहे?’ इंदूने सांगितलं की घसा असा नाही, मध प्यायला जी सोंड असते तिच्यातूनच हवा ओढून तो आवाज काढतो. श्रीनिवास दिवसभर त्यावर विचार करत बसले होते असं प्रमोदिनीबाई नंतर सांगत. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःची वही केली.

भिंत झाली की दोघं नावेने पलीकडे जात. नाव काशीनाथ मल्लाहाची. पावसाळा सरला की गंगा आटते आणि रामघाटासमोर मैलभर रेती उघडी पडते. काशीनाथचं कुटुंब तिथे सरपत गवताची कुंपणं घालून खरबूज आणि ककडी लावायचं. सकाळी तो तसाही पलीकडे जायचा. इंदूला नेणं हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. आता नावेत श्रीनिवास येऊ लागल्यावर त्याला एक असा श्रोता मिळाला, जो मध्ये बोलत नव्हता. तो हिंदीत आणि काशिकेत, म्हणजे तिथल्या बोलीत, अखंड बोलायचा: मुलाचं लग्न, रामनगरच्या बाजारात खरबुजाला येणारं गिऱ्हाईक, पाण्याची उतरती. श्रीनिवास मान हलवायचे.

रेतीवर थंडीत आलेले कुरव आणि चक्रवाक पक्षी फाल्गुन संपता संपता निघून गेले. राहिले ते इथलेच. नदी टिटवी, छोटे चिखले, आणि सुरय. सुरय म्हणजे राखाडी पाठीचा, काळ्या टोपीचा, पिवळ्याधमक चोचीचा पक्षी. शेपूट चिमट्यासारखं दुभंगलेलं. पाण्यावरून उडता उडता तो एकदम खाली सूर मारतो. काशीनाथ त्याला टेहरी म्हणायचा. इंदू म्हणाली की जुन्या हिंदी पुस्तकांत त्याला कुररी म्हटलंय. हा शब्द ऐकून श्रीनिवास थबकले. कुररीसारखी आक्रोश करणारी स्त्री त्यांनी संस्कृतात किती ठिकाणी वाचली होती. ती कुररी हीच का, यावर पंडितांचं एकमत नाही हेही त्यांना माहीत होतं. पण लहानपणापासून तोंडात असलेल्या शब्दाचा पक्षी असूही शकतो, आणि तो घरासमोरच राहत असेल, हे त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं.

त्यांची वही इंदूच्या वहीसारखी नव्हती. त्यांना रंग आणि ठिपके लक्षात राहायचे नाहीत, आवाज मात्र एकदा ऐकला की राहायचा. पोथीत अक्षराखाली आडवी रेघ दिली की स्वर खाली, वर उभी रेघ दिली की स्वर वर. त्याच रेघांनी त्यांनी पक्ष्यांची बोली लिहून घेतली. इंदूने पहिल्यांदा ती पानं पाहिली तेव्हा तिला काही कळेना. मग श्रीनिवासांनी बोट वर-खाली करून दाखवलं आणि तिला टिटवी ऐकू आली. अठरा वर्षांत तिने टिटव्या मोजल्या होत्या. त्यांचं बोलणं ‘ओरडते’ एवढ्याच शब्दात उरकलं होतं.

पाडव्यानंतर चार-पाच दिवसांनी रेतीवर उतरताच श्रीनिवास थांबले आणि त्यांनी हात वर केला. डोक्यावर दोन सुरय घिरट्या घालत होते. इंदूला त्यात वेगळं काही वाटलं नाही. श्रीनिवासांनी पाटीवर लिहिलं, ‘कालपर्यंत दोन स्वर. आज तिसरा, तुटक. पुढे गेलो की वाढतो.’ ते दहा पावलं डावीकडे गेले, ओरडणं कमी झालं. उजवीकडे आले, वाढलं. त्या आवाजाच्या मागे मागे ते रेतीच्या सगळ्यात उंच भागाकडे गेले, आणि तिथे इंदूने त्यांचा दंड पकडून त्यांना जागच्या जागी उभं केलं.

त्यांच्या पायापासून हातभर अंतरावर रेतीत बशीएवढा खळगा होता. त्यात तीन अंडी होती. मातकट, तपकिरी डागांची, रेतीहून वेगळी ओळखायला अवघड. काडी नाही, कापूस नाही, काही नाही.

त्या दिवशी ती दोघं वाकून, पाऊल मोजून टाकत तासभर हिंडली. चौदा घरटी सापडली. अंडी छत्तीस. काशीनाथला हे ठाऊक होतं. त्याचा बापही त्या उंचवट्यावर वेल लावायचा नाही, असं तो म्हणाला. टेहरी डोक्यात चोच मारते आणि शिवाय तिथपर्यंत पाणी नेणं जिवावर येतं. दुसरं कारण पहिल्याहून खरं असावं.

परत फिरताना इंदूला उंचवट्याच्या चार कोपऱ्यांवर बांबू दिसले. टोकांना लाल फडकी बांधलेली होती. तिने काशीनाथला विचारलं. तो म्हणाला, काल रामनगरकडून दोन माणसं आली होती, फीत धरून मोजत होती. मोठा याग व्हायचाय. पौर्णिमेनंतर ट्रॅक्टर येणार, जागा सपाट करणार, मग मांडव. जागा उंच आहे, कोरडी आहे, आणि सगळ्या घाटांवरून दिसते.

इंदूने भावाकडे पाहिलं. “हा तुझाच ना, दादा?”

श्रीनिवासांनी मान हलवली. याग रेतीवर व्हायचा हे त्यांना माहीत होतं. रेती म्हणजे मैलभर जागा. त्यातली नेमकी कोणती, हे विचारायची त्यांना कधी गरज वाटली नव्हती.



घरी आल्यावर श्रीनिवासांनी शेठजींना पत्र लिहिलं. चांगलं दोन पानी, हिंदीत. घरटी किती, अंडी किती, पिल्लं बाहेर यायला साधारण तीन आठवडे लागतात आणि उडायला पुढे महिना, हे इंदूकडून विचारून घातलं. मांडव तीन-चारशे पावलं दक्षिणेला घेतला तर भागेल असं सुचवलं. दोन दिवसांनी निरोप आला तो विष्णूकडून. विष्णु तिशीचा, पाठीला बाक नाही, आवाज खणखणीत. तो उंबऱ्याच्या आत येऊन उभा राहिला आणि त्याला कसं सांगावं ते सुचेना. शेवटी त्याने सांगितलं की पत्र सगळ्यांनी वाचलं. गुरुजी घरी बसून कंटाळलेत, पाखरांत मन रमवतात, चांगलं आहे, असं शेठजी म्हणाले. जागा ठरलेली आहे. रामनवमीला पाठशाळेत बैठक आहे, गुरुजींनी जरूर यावं.

“गुरुजी, पत्रातला मजकूर बरोबर होता,” विष्णु जाताना म्हणाला. “पण तो कुणी मोठ्याने वाचला नाही.”

रामनवमीला, जन्मकाळ झाल्यावर, पाठशाळेच्या चौकात पंचवीसेक माणसं बसली. शेठजी, त्यांचे दोन भाऊ, ब्रह्माघाटावरचे आणि दुर्गाघाटावरचे वैदिक, मांडववाला. पौर्णिमेला अजून एक आठवडा होता. श्रीनिवास पाटी घेऊन गेले. त्यांनी लिहिलं, पाटी हातोहात फिरली, शेठजींपर्यंत पोचली. शेठजी वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले की पाखरंही देवाचीच आहेत, त्यांच्यासाठी मांडवाबाहेर दाणे टाकू. पाटी परत आली. श्रीनिवासांनी पुन्हा लिहिलं, पाटी पुन्हा निघाली, पण तोवर बोलणं समिधांवर गेलं होतं आणि ती मांडववाल्याच्या मांडीवर पडून राहिली. कुणीतरी म्हणालं, “पाखरांना पंख असतात. माणसं आली की जातील उडून.”

श्रीनिवास बोलले.

पहिल्या शब्दाला आवाजच आला नाही, नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. जो आवाज आला तो चिरलेला होता, मध्येच तुटत होता. चौकातल्या प्रत्येकाने तो आवाज एकेकाळी ऐकला होता, त्यामुळे सगळे एकदम गप्प झाले.

“आसनावर बसण्याआधी आपण तिथल्या भूतमात्रांना बाजूला व्हायला सांगतो,” ते हिंदीत म्हणाले. “ज्यांना चालता येतं, उडता येतं, त्यांनी व्हावं. अंड्यांनी कुठं जायचं?”

मग त्यांनी पत्रातलंच सगळं पुन्हा सांगितलं. पंधरा मिनिटं लागली असतील. अर्धे शब्द लोकांना ओठांवरून ओळखावे लागले. आपण त्या जागेवर ट्रॅक्टर फिरवला तर छत्तीस जीव चिरडून यागाला बसू, आणि हे ठाऊक असताना मी त्याला आचार्य म्हणून बसणार नाही, असं ते म्हणाले.

शेठजींनी विचारलं, “गुरुजी, आपल्याला अजून बोलायचं नव्हतं ना?”

“नव्हतं.”

“रागावू नका. पण पाच दिवस हा आवाज चालेल?”

श्रीनिवासांनी विष्णूकडे पाहिलं. गेले सात आठवडे ते रोज झोपताना हाच प्रश्न स्वतःला विचारत होते आणि पंचांगातले दिवस मोजून तो टाळत होते. “नाही चालणार,” ते म्हणाले. “विष्णूला बसवा. पण जागा हलवा.”

आता सगळे विष्णूकडे बघू लागले. तो मान खाली घालून बसला होता. “जागा हलली तर बसेन,” तो म्हणाला. “नाहीतर दुसरा बघा.”

अक्षय्य तृतीयेला तीन आठवडे उरले होते आणि पाच दिवस मुख्य पाठ धरू शकेल असा दुसरा माणूस त्या चौकात नव्हता. शेठजींनी मांडववाल्याला विचारलं की दक्षिणेला जागा कशी आहे. मांडववाला म्हणाला, थोडी ओल आहे, मुरूम टाकावा लागेल. बस, एवढ्यावर मिटलं.

घरी ही बातमी श्रीनिवासांच्या आधी पोचली होती. प्रमोदिनीबाईंनी सात आठवडे पहाटे उठून त्यांना हळद-दूध दिलं होतं, घरात कुणी मोठ्याने हसलं तरी त्यांना उत्तर द्यायचा मोह होईल म्हणून शेजारणींना येऊ दिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “एक आठवडा राहिला होता. एकच आठवडा.” नंतर त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. घरात नवराबायको दोघंही मौनात होती, आणि इंदू वर-खाली निरोप नेत होती.

पौर्णिमेनंतर डॉक्टरांनी पुन्हा आरसा घातला. गाठी लहान झाल्या होत्या, गेल्या नव्हत्या. श्रीनिवासांनी रामनवमीचं सगळं सांगितलं आणि विचारलं की त्यामुळे झालं का. डॉक्टर म्हणाले, पंधरा मिनिटांनी एवढं होत नाही. नसता बोललात तरी गाठी इतक्याच दिसल्या असत्या. मग ते म्हणाले, पण हे मी खात्रीने सांगू शकत नाही. उन्हाळ्यात शस्त्रक्रिया करायचं ठरलं आणि तोवर पुन्हा मौन.

रेतीवर ऊन चढत गेलं. सुरय दुपारी पाण्यावर जाऊन पोट भिजवून यायचे आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसायचे. नाहीतर त्या वाळूत अंडी उकडूनच निघाली असती. काशीनाथने घाटाकडच्या बाजूने सरपताचं कुंपण घातलं, कुत्री अडावीत म्हणून. तरी कुत्र्यांनी दोन घरटी खाल्ली आणि एक बहुधा कोल्ह्याने. याग सुरू व्हायच्या दोन दिवस आधी पहिलं पिल्लू बाहेर आलं. इंदूला ते दिसायला वेळ लागला, कारण ते रेतीचाच एक गोळा होतं. त्याने चोच उघडली तेव्हा कळलं.

यागाला पाच-सहा हजार माणसं आली. मांडव दक्षिणेला असला तरी माणसं रेतीभर हिंडत होती. पहिल्या दिवशी श्रीनिवास मांडवात ज्येष्ठ म्हणून बसले, त्यांना हार घालण्यात आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते छत्री घेऊन उंचवट्याजवळ जाऊन बसले. कुणी जवळ आलं की ते ओठांवर बोट ठेवायचे आणि हाताने लांबून जायची खूण करायचे. पांढरी दाढी, उघडं अंग, जानवं, शब्द नाही. लोकांनी त्यांना मौनी बाबा ठरवलं. बायका दुरूनच नमस्कार करून केळी ठेवून जाऊ लागल्या. श्रीनिवासांना ते अजिबात आवडलं नाही, पण कुंपणापेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला. केळी संध्याकाळी काशीनाथची नातवंडं खायची.

मांडवातला पाठ कर्ण्यावरून तिथपर्यंत ऐकू यायचा. विष्णूचा आवाज चांगला लागला होता. तिसऱ्या दिवशी एका ठिकाणी त्याचा एक स्वर खाली राहिला. इतर कुणाच्या लक्षात आलं असेल असं नाही. संध्याकाळी श्रीनिवासांनी ते लिहून दिलं तर विष्णु म्हणाला, “म्हणताक्षणीच कळलं होतं, गुरुजी. तुम्ही समोर असता तर हात वर केला असतात.” आपली जागा सोडून, छत्रीखाली बसून तो पाठ ऐकताना श्रीनिवासांना काय वाटत होतं हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. इंदूने नंतर त्यांची वही चाळली. त्या पाच दिवसांत पाठाच्या वेळेची एकही नोंद तिला सापडली नाही. त्या तासांत त्यांनी पक्षी ऐकलेच नव्हते.

छत्तीस अंड्यांतून चोवीस पिल्लं निघाली. त्यातली काही घारींनी नेली, काही लूचे गरम वारे चालू झाल्यावर गेली. वैशाखाच्या अखेरीस, मेच्या मध्यावर, तेरा पिल्लं पाण्यावरून उडताना दोघांनी दोन वेगवेगळ्या सकाळी मोजली आणि आकडा दोन्ही वेळा तेराच आला. इंदू म्हणाली की हा आकडा चांगला आहे. अठरा वर्षांत तिने नऊच्या वर कधी पाहिला नव्हता, पण आधी तिने घरटी इतक्या नेमकेपणाने शोधलीही नव्हती, तेव्हा तुलना करता येणार नाही.

जूनमध्ये श्रीनिवासांची शस्त्रक्रिया झाली. बोलण्यापुरता आवाज परत आला. वरचे स्वर गेले ते गेले. पाठशाळेत त्यांनी नव्या मुलांना संथा देणं बंद केलं. जे पाठ म्हणून दाखवायला येत त्यांचं ऐकायला ते बसू लागले. चुकलं की हात वर. त्यांच्यासमोर चुकायला मुलं पूर्वीपेक्षा जास्त घाबरायची, कारण पूर्वी ते रागावून मोकळे व्हायचे आणि आता नुसते थांबायचे. विष्णु आचार्य झाला आणि पुढे बऱ्याच ठिकाणी जाऊ लागला. प्रमोदिनीबाईंचा राग पावसाळ्यात कधीतरी उतरला. एकदा त्या स्वतः नावेत बसून रेतीवर जाऊन आल्या आणि ऊन फार आहे एवढंच म्हणाल्या.

त्या वर्षी पूर मोठा आला. पुढच्या फाल्गुनात पाणी उतरलं तेव्हा तो उंचवटा नव्हता. गंगेने तो कापून नेला होता आणि नवी रेती पार दक्षिणेला, रामनगरच्या अंगाला टाकली होती. इंदू आणि श्रीनिवास दोन आठवडे समोरची रेती पायाखाली घालत राहिले. एकही सुरय खाली उतरला नाही. काशीनाथने खबर आणली की टेहरी आता रामनगरच्या किल्ल्याच्या अलीकडे दिसते. तिथे नाव वल्हवत जायला तास लागायचा, आणि इंदूला दहाला कॉलेजात हजर व्हायचं असायचं. भिंतीवरचे पतंग रविवारी मोजायचे, बाकीचे दिवस सरळ नदीवर, असं दोघांनी ठरवलं आणि दुसऱ्या दिवसापासून पाऊण तास आधी निघू लागले.